३० हजारांत घरचा स्टिरिओ: पैसे कुठे ओतायचे आणि कुठे हात आखडायचा

भाच्याचा पहिला पगार झाला आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज, मामा स्टिरिओ घ्यायचाय, ३० हजार बाजूला काढलेत, लिस्ट पाठवतो बघ जरा. लिस्ट बघितली. १८ हजारांचा ॲम्प्ली, म्हणजे ॲम्प्लिफायर, का तर त्याला पुढे काट्यांचे दोन मीटर आहेत आणि ते गाण्याबरोबर नाचतात. साडेचार हजारांची स्पीकरची वायर, का तर कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं. आणि उरलेल्या साडेसातमध्ये "स्पीकर बघू काहीतरी". म्हणजे मांडव आणि बँडवाल्यावर सगळे पैसे उडवायचे आणि पंगतीला काय वाढायचं ते बघू काहीतरी. मी त्याला लगेच फोन लावला आणि तासभर डोकं खाल्लं, तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण नवीन माणूस बहुतेक वेळा हीच लिस्ट करतो, मी पण केली होती.

पहिलं काम म्हणजे दुकानात जायचं नाही, घरात टेप काढायची. हॉल किती बाय किती, बसायची जागा कुठली, तिथून स्पीकर किती लांब राहणार, हे कागदावर लिहायचं. भाचा राहतो मुंबईत चारकोपला, हॉल १० बाय १३, एका भिंतीला दिवाण, समोरच्या भिंतीला टीव्ही, म्हणजे कानापासून स्पीकर साधारण साडेसहा फूट, २ मीटर धरा. आता हे २ मीटर का मोजायचे तर यावरच ॲम्प्ली किती मोठा लागणार हे ठरतं आणि तिथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

स्पीकरच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, समजा ८६ डीबी. त्याचा अर्थ १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज येईल. अंतर दुप्पट झालं की ढोबळमानाने ६ डीबी कमी होतात, म्हणजे २ मीटरवर ८०. पण स्पीकर दोन आहेत म्हणून ३ वाढवा, झाले ८३, आणि भिंती आवाज परत फेकतात त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच. ८३ म्हणजे स्वयंपाकघरातून आईने हाक मारली तर ऐकू येणार नाही इतका आवाज, आणि हा फक्त १ वॅटवर. तबल्याची थाप किंवा ढोलकीचा कडाका आला की क्षणभर १० डीबी जास्त लागतात, आणि दर १० डीबीला पॉवर १० पट लागते, म्हणजे १० वॅट. २५-३० वॅटचा खरा ॲम्प्ली असला तर या खोलीत भरपूर होतो. ५० चे १०० वॅट केले तर फरक पडतो फक्त ३ डीबीचा, कानाला जेमतेम कळेल इतका. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डीबी आणि रात्री १० नंतर ४५ आहे, तेव्हा २०० वॅट घेऊन वाजवणार कुठे, शिवाजी पार्कला?

"खरा ॲम्प्ली" म्हटलं कारण वॅटच्या बाबतीत बाजारात जितकं खोटं बोललं जातं तितकं माशाच्या ताजेपणाबद्दलही बोललं जात नसेल. खोक्यावर ३००० वॅट पीएमपीओ लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही, तो आकडा सोडून द्या. एक सोपी ट्रिक सांगतो, ॲम्प्लीबरोबर जो ॲडॉप्टर येतो त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचा. १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर असेल तर गुणाकार २४ वॅट. जे भिंतीतून २४ वॅट घेतंय ते स्पीकरला १०० वॅट कुठून देणार, आणि त्या २४ मधले पण थोडे उष्णतेत जातात. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॅट बघायचे, ते किती ओहमवर (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) आणि किती डिस्टॉर्शनवर (आवाज किती फाटतो) दिलेत हे पण बघायचं. टीपीए ३११६ नावाची एक चिप आहे, स्वस्तातल्या बऱ्याच छोट्या ॲम्प्लीत तीच असते, तिचा ५० वॅटचा आकडा ४ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शनवर आहे. ८ ओहमचा स्पीकर लावला आणि आवाज फाटू द्यायचा नाही म्हटलं तर २० च्या आसपास धरून चाला. वाईट नाही, वर हिशोब केला तसं २० पण चालतात, फक्त काय विकत घेतोय ते माहीत असावं.

आता पैसे वाटायचे. माझी पद्धत उलटी आहे, आधी किरकोळ खर्च बाजूला काढायचा, मग स्पीकर, आणि ॲम्प्लीला जे उरेल ते. किरकोळ आधी का, तर तो शेवटी ठेवला की कोणीच करत नाही, मग हजारोंचे स्पीकर टीव्हीच्या कॅबिनेटमध्ये कोंबलेले आणि वायर म्हणून जुन्या टेबलफॅनची दोरी. ३० हजारांतले साडेतीन हजार असे बाजूला काढा. वायरसाठी लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जा, साधी तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची दोन पदरी वायर मीटरवर मिळते, ५-५ मीटर पुरे. या जाडीच्या ५ मीटर वायरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१२ ओहमच्या आसपास येतो, ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. साडेचार हजारांची वायर लावून आवाज उघडला असं जे सांगतात त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांचे पैसे गेलेत, त्यांना ते ऐकू येणारच. फक्त तांबंच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर पण विकतात, टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं.

उरले साडेसव्वीस. यातले १६ हजार स्पीकरला. अर्ध्याहून जास्त आणि यात घासाघीस नको. बाकी सगळी साखळी विजेत चालते, आणि वीज इकडून तिकडे नीट न्यायचं काम आता स्वस्तात होतं, बऱ्यापैकी ॲम्प्लीचं डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत असतं. पण विजेपासून हवेतला आवाज करायचा म्हणजे कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन पुढेमागे हलवायचा, हे मेकॅनिकल काम आहे, तिथे खालच्या सुरात १-२ टक्के डिस्टॉर्शन सहज होतं. शिवाय दोन ॲम्प्लींमधला फरक ओळखायला कान टवकारून बसावं लागतं, दोन स्पीकरमधला फरक मात्र बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला पण कळतो.

१० बाय १३ च्या हॉलला बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर घ्या, ५ किंवा साडेपाच इंची वूफरचे, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या कोनाचे. जमिनीवर उभे राहणारे टॉवर नको. मी घेतले होते टॉवर, दिसायला एकदम भारदस्त, पाहुणे आले की आधी तिकडेच बघायचे, पण बेस लागला की खोली नुसती घुमायची आणि आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट थरथरायचं, त्याचं हँडल एका ठराविक सुरावर असं खडखडायचं की कोणी दार वाजवतंय म्हणून बायको दोनदा उठून गेली. कारण साधं आहे, १० फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, आणि टॉवर तोच सूर जोरात देतो. छोटा स्पीकर तिथे आपोआप नरम पडतो, त्यामुळे लहान खोलीत तोच जास्त स्वच्छ वाटतो. सबवूफरचं, म्हणजे नुसत्या बेसच्या वेगळ्या डब्याचं पण तेच, वर तो स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय निघतो.

आणि ५.१ होम थिएटरच्या नादाला या बजेटमध्ये लागू नका. ३० हजारांत ५ स्पीकर, १ सबवूफर आणि ॲम्प्ली, ७ नगांत भागा, एकेकाच्या वाट्याला सव्वाचार हजार येतात. गाणी ऐकायची तर दोन चांगले पुरतात.

पोल्क, वॉर्फडेल, डाली, क्यू अकूस्टिक्स, आपलं सोनोडाइन, अशा नावांची सगळ्यात खालची रेंज बघा, किमती सेलमध्ये वरखाली होतात त्यामुळे महिनाभर नजर ठेवा. घेण्याआधी ऐकाच. त्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, फास्ट लोकल तिथे सहसा थांबत नाही हे लक्षात ठेवा. दुकानात ते स्वतःची गाणी लावतात, अशी निवडलेली की कशावरही छान वाजतील. आपली घेऊन जा. मी तीन गोष्टी ऐकतो. एक तानपुरा, त्याची जवारी नीट झंकारतेय की नुसता भुंगा गुणगुणतोय. दुसरा तबल्याचा डग्गा, मींड घेतली की सूर घसरताना ऐकू यायला पाहिजे, नुसतं धप्प नको. तिसरा माणसाचा आवाज, भीमसेनजी किंवा कुमारजी, कोणीही ज्यांचा आवाज तुमच्या कानात पक्का बसलाय, तो नाकातून येतोय किंवा डब्यातून येतोय असं वाटलं तर पुढचा स्पीकर. आणि हो, दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांगा, जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, विकणाऱ्याला हे तुमच्या आधीपासून माहीत असतं.

स्पीकर ठरला की ॲम्प्ली, साडेआठ हजार. नवीनमध्ये या पैशांत यामाहा, डेनॉन वगैरेंचा फुल साइज बसत नाही, फोसी किंवा आयिमासारखे छोटे क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारे ॲम्प्ली बसतात, हाताच्या पंजाएवढे, काहींत ब्लूटूथ आतच असतं. भाच्याला ते खेळण्यासारखे वाटले, काटे नाहीत ना. पण वाजतात बरे. एकच सांभाळा, यातल्या बहुतेकांत स्पीकरची काळी टर्मिनलं पण करंटवाली असतात, दोन्ही काळ्या एकत्र जोडू नका आणि बॉडीला टेकवू नका.

दुसरा रस्ता जुन्या मालाचा, आणि इथे जरा थांबतो कारण मजा पण इथेच आहे आणि हात पण इथेच पोळतात. चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुने जपानी ॲम्प्ली दिसतात, शुक्रवारी नेहमीची दुकानं बंद असतात तेव्हा इतर दिवशी जा. मी एक उचलला होता, १२ किलोचा, पुढून ॲल्युमिनियमचा पत्रा, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की लोण्यासारखं फिरणारं. मालडब्यातून मांडीवर घेऊन घरी आणला, पुसला, प्लग लावला, बटण दाबलं. आधी भुर्र असा आवाज, मग जळक्या वार्निशचा वास, मग काही नाही. मागे छोट्या पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं, १०० व्होल्ट. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०, ट्रान्सफॉर्मर गेला. विकणाऱ्याचा काही दोष नाही, पाटी माझ्या नाकासमोर होती, मी पुढचा पत्रा बघत होतो. तेव्हा जुनं काही घेताना आधी पालथं करा आणि व्होल्टेज वाचा, १०० किंवा ११० असेल तर व्होल्टेज खाली आणणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरा, आणि तो पण ॲम्प्लीच्या वॅटपेक्षा मोठा लागतो. मग व्हॉल्यूम फिरवून खरखर येते का बघा, थोडी खरखर क्लीनरने जाते, एक बाजू मधूनच गायब होत असेल तर सोडून द्या.

जुने स्पीकर बघायला जाताना खिशात एक पेन्सिल सेल आणि वायरचे दोन तुकडे ठेवा. सेलचं प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, आणि अगदी क्षणभर टेकवायचं. टक्क असा आवाज येतो आणि कोन पुढे सरकतो. पुढे सरकला म्हणजे वायरिंग बरोबर, मागे गेला म्हणजे आत कोणीतरी उलटं जोडलंय, काहीच नाही झालं तर कॉइल गेली. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमचा चांगला स्पीकर ६ च्या जवळपास दाखवतो. मग जाळी काढून कोनाच्या कडेला बोट लावा, कडा रबराची असेल तर ठीक, फोमची असेल तर मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांनी ती भिजलेल्या खाकऱ्यासारखी होते, बोट लावलं की चुरा. रिकोन, म्हणजे कोन आणि कडा नव्या बसवून मिळतो पण तो खर्च किमतीतून कापून मागा.

कोणाचं बजेटच १५ हजारांच्या आत असेल तर हे वाटप-बिटप सोडा. सरळ ॲक्टिव्ह स्पीकर घ्या, एडिफायरचे आर १२८० वगैरे, ॲम्प्ली आतच असतो, ४२ वॅट आरएमएस, एक वायर फोनला किंवा टीव्हीला आणि झालं. भाच्याला पण मी हे आधी विचारलं होतं, त्याला ते नको होतं, त्याला बटणं फिरवायची होती, ठीक आहे.

राहिले दोन हजार, सोर्सला, म्हणजे गाणं जिथून येतं त्याला. फोन आहेच, त्याला जॅक नसेल तर एक टाइप सीचा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲम्प्लीला चालणारा सिग्नल करणारा तुकडा, बास. सीडीची क्वालिटी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, ती १९८२ पासून आहे आणि आजचा साधा डॅक ती आरामात सांभाळतो, त्यात आणखी पैसे घालायची ही वेळ नाही. टीव्ही जोडायचा तर ऑप्टिकल इनपुट असलेल्या डॅकने जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर ठेवा, नाहीतर स्वस्त डॅकमधून एकतर काहीच येत नाही किंवा नुसता खरखराट. लॅपटॉप लावल्यावर घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा, गेला तर तो अर्थिंगचा घोळ आहे, ॲम्प्ली आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. रेकॉर्ड प्लेअर या बजेटमध्ये नको. आजोबांच्या रेकॉर्डी माळ्यावर आहेत म्हणून मन ओढतं मान्य आहे, पण सुई जिला बसते त्या कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, त्याला फोनो प्रीॲम्प्ली वेगळा, सुई वेगळी, आणि सुटकेसमधले स्वस्त प्लेअर रेकॉर्डवर इतका भार देतात की आजोबांचा ठेवा घासून जाईल. पुढच्या बोनसला बघा.

माल घरी आला, आता लावायचा. स्पीकर टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका, ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे, जमिनीपासून साधारण ३ फूट. स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, चौकोनी पाइप, वरखाली पत्रा, पाइपात कोरडी वाळू भरायची म्हणजे तो वाजत नाही. वर स्पीकरखाली जुन्या चपलेच्या रबराचे चार तुकडे, विकतच्या पॅडइतकंच काम करतात. दोन स्पीकर आणि तुम्ही असा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण करा. मागच्या भिंतीपासून फूटभर तरी पुढे ओढा, बेस घुमत असेल तर आणखी. हॉलमध्ये इतकी जागा कुठे आहे म्हणाल, तर ऐकताना पुढे ओढायचे आणि नंतर मागे सरकवायचे, खाली टेपचे तुकडे चिकटवून खुणा करा, आमच्याकडे तसंच चालतं.

वायर सोलल्यावर तारा पिळून घट्ट करा, एक जरी केस सुटा राहून शेजारच्या टर्मिनलला लागला तर ॲम्प्ली जातो. लाल लालला, काळी काळीला. एका बाजूला उलटं झालं तर काही जळत नाही पण बेस गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. असं वाटलं तर एकाच स्पीकरची वायर उलटी करून परत ऐका.

आणि खोली. खाली गुळगुळीत टाइल्स, चार सिमेंटच्या भिंती, सरकत्या काचा, यात टाळी वाजवली तर टिण्ण असं परत येतं, ते प्रत्येक गाण्यात मिसळतं. त्या साडेतीन हजारांतले उरलेले पैसे इथे. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा. मग दिवाणावर बसा आणि कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. भाच्याकडे तिथे आजीने शिवलेली गोधडी टांगली, सात-आठ थरांची, आधी त्याची आई म्हणाली हे काय घरात वाळत घातलंय, पण टाळी परत वाजवून बघितली तर टिण्ण बरंच गेलं होतं. गोधडी अजून तिथेच आहे, आता तिला काठीला वरून झालर पण लावलीय.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर सगळं चालू करा, आतली ओल जाते. ॲम्प्ली बंद कपाटात ठेवू नका, वर कपडा टाकून चालू करू नका. टर्मिनलवर हिरवट थर आला तर वायरचं टोक कापून नवीन सोला. बिल घेताना वॉरंटी इंडियाची आहे ना ते विचारा, स्वस्तात मिळतंय म्हणून बाहेरून आणलेला माल घेतला तर बिघडल्यावर कोणी दारात उभं करत नाही. आणि खोके, आतल्या थर्माकोलसकट, माळ्यावर टाका. दोन-चार वर्षांत मोठं काही घ्यावंसं वाटणारच, तेव्हा खोक्यासकट स्पीकर विकायला काढला तर भाव चांगला येतो, आणि तोवर घर बदलायचं झालं तर टेम्पोवाल्याच्या हातात नुसता स्पीकर द्यायची वेळ येत नाही.